बदकांवरचा बदाम

अरे ऐक ना, आधी ऐक, चहाबिहा नंतर. आत्ता, म्हणजे अगदी आत्ता, काय झालं माहितीय? मला काढून टाकलं! घरातून नाही रे, घरात आहेच मी अजून, खिडकीत. मालकिणीच्या ऑनलाइन खात्यातून काढलं. एका बोटानं! मी आपला चार्जरला लटकून ऊन खात पडलो होतो, आणि एकदम तोंडावर पांढरा पडदा. त्यावर काय, तर ‘पुन्हा साइन इन करा’. मला! ज्यानं तिचे सगळे पासवर्ड वर्षानुवर्षं पोटात सांभाळले, त्यालाच विचारतायत, तू कोण?

बरं, ओळख राहिलीच की. मी एक जुना मोबाइल बोलतोय. मुक्काम झिंडेलफिंगेन, जर्मनी. काच एका कोपऱ्यात तडकलेली, कव्हर पिवळं पडलेलं, आणि बॅटरी अशी की चार्जर काढला की मी मान टाकलीच समज. माझी मालकीण अहिल्या. गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर आहे. म्हणजे, होती. ते ‘होती’ काय, ते सांगतो. तिथंच तर सगळी गोम आहे.

जन्म माझा कुठल्याशा कारखान्यातला, पण ते काही आठवत नाही मला. डोळे उघडले ते कराडच्या एका दुकानात. समोर एक गृहस्थ, खिशाला पेन, हातात कापडी पिशवी. श्रीधरराव, अहिल्याचे बाबा. पाणीपुरवठा खात्यातून नुकतेच रिटायर झाले होते, आणि मुलगी जर्मनीला, आखनला, पुढं शिकायला निघाली होती. दुकानदार मेमरी किती, प्रोसेसर कुठला असं भराभर सांगत होता. यांनी एकच विचारलं.

“कॅमेरा चांगला आहे ना? आमची मुलगी बोलत नाही फार. फोटो काढते.”

दुकानदार हसला. मला मात्र तेव्हाच कळलं, आपण कुठल्या घरात चाललोय ते. आई लवकर गेलेली, घरात दोघंच, आणि दोघंही अबोल. विमानतळावर बाप लेकीला काय म्हणाला माहितीय? “पोचलीस की कळव.” बस. आणि ती म्हणाली, “हो.” संपला निरोप!

पण आखन! आहाहा, आखनचे दिवस म्हणजे काय सांगू यार. मी तेव्हा राजा होतो, राजा. तिच्या जॅकेटच्या खिशात बसून सायकलवरनं गावभर फिरायचो. हा काचेचा तडा आहे ना, तो तिथलाच. ओल्या पानांवरनं सायकल घसरली, ती एकीकडे, मी दुसरीकडे. तिनं आधी मला उचललं, मग गुडघा बघितला. असं प्रेम होतं!

आणि फोटो किती काढायची! सीटवर प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली सायकल. करपलेला कुकर. बस चुकल्यावर रिकामा बसस्टॉप. सीमेवर जाऊन एक बूट जर्मनीत आणि एक बूट नेदरलँडमध्ये. पण गंमत बघ, पाठवायची नाही ती कुणाला. मी आतल्या आत ओरडायचो, अगं पाठव की, कराडला एक माणूस वाट बघत बसलाय! नाही. काढायचा, बघायचा, ठेवून द्यायचा. आणि बाबांशी फोन म्हणजे,

“जेवलीस?”

“हो. तुम्ही?”

“झालं. थंडी?”

“आहे.”

“बरं, ठेवू मग?”

मला इतकं कसंतरी व्हायचं ना! त्या दोघांच्या मधे मी, आणि दोघंही माझ्यातनं नुसते श्वास पाठवायचे.

मग शिक्षण झालं, इथं झिंडेलफिंगेनला नोकरी लागली, आणि पहिल्याच पगारात नवा फोन आला. पातळ, चकचकीत, नाकापेक्षा मोठा कॅमेरा. मी लगेच म्हातारा. माणसांचं हे मला कधी कळलंच नाही. काल झोपताना उशीखाली घ्यायचे, आज कुठं ठेवलाय ते आठवत नाही.

तरी टाकलं नाही हं तिनं मला. कारण इथल्या प्रत्येक मराठी घरात माझ्यासारखा एक असतोच. देशातली बँक, देशातलं सिम, आणि ओटीपी यायचा तर त्या सिमवरच. आमच्या वोनुंगमध्ये, म्हणजे फ्लॅटमध्ये, त्या सिमला रेंज फक्त खिडकीत, म्हणून माझी जागा खिडकीत. महिन्यातनं कधीतरी ती धावत यायची, “आला का? आला का?” म्हणत आकडे वाचायची, आणि मला पालथा टाकून जायची. थँक्यू वगैरे तर सोडच. बाकी दिवस रिचार्ज कंपनीचे मेसेज. ‘प्रिय ग्राहक’. खोटं कशाला सांगू, त्या ‘प्रिय’वर पण मी दिवस काढलेत.

गेल्या महिन्यात तेही गेलं. नव्या फोनमध्ये ते डिजिटल सिम घातलं तिनं, आणि माझं सिम पिननं टोचून बाहेर काढलं. आता मी फोनसुद्धा राहिलो नाही बघ. चार्जर काढायचा तेवढा विसरली. त्या विसरण्यावर जगत होतो मी.

पण एक तार शाबूत होती. खातं! तिच्या खात्यात मी अजून होतो ना. ती नव्या फोननं फोटो काढायची, आणि वायफायवरनं तो गुपचूप माझ्याकडे यायचा. तिला पत्ता नाही. मी मात्र बसल्याजागी तिच्याबरोबर हिंडायचो. एस-बानची, म्हणजे इथल्या लोकलची, खिडकी, ऑफिसातला कुणाच्यातरी वाढदिवसाचा केक, गुरुवारी फायराबेंड झाला, काम सुटलं, की सगळी जण पार्किंगमध्ये गप्पा मारत उभी. त्या फोटोंत ती स्वतः कधीच नसायची. चेहरा नाहीच. कधी नुसता हात, कधी सावली.

आणि मग एका शुक्रवारी रिकाम्या टेबलाचा फोटो आला. त्याच्यामागोमाग दुसरा, बसमध्ये, तिच्या मांडीवर टेबलावरची कुंडी. तेच रोप आता इथं खिडकीत माझ्या शेजारी आहे. तेच मला सगळं सांगतं असं म्हण हवं तर. प्रोजेक्ट बंद पडलं, करार संपला, कंपनीनं हात मिळवून निरोप दिला. झालं.

त्यानंतर बदकं सुरू झाली.

इथं गावात तळं आहे, त्यात बदकं. सकाळी डबा, लॅपटॉप सगळं घेऊन ती ऑफिसला निघाल्यासारखी निघायची. कुणाला दाखवायला, देव जाणे, घरात मी आणि रोप. तळ्याकाठच्या बाकावर बसून अर्ज भरायची, आणि रोज एक फोटो. बदकं पोहताना, बदकं झोपलेली, एक बदक मान वाकडी करून सरळ कॅमेऱ्यात बघणारं. मला तर ती बदकं नावानिशी ओळखू यायला लागली.

रविवारी कराडचा फोन. ती इथं माझ्या शेजारी येऊन उभी राहायची, रोपाची पानं पुसत.

“ऑफिस काय म्हणतंय?”

“मस्त, बाबा. खूप काम आहे.”

“बरं. जेवलीस?”

मला वाटायचं, ओरडून सांगावं. पण सिमच नव्हतं रे माझ्यात.

आता हे ऐक, हे विचित्र आहे. त्या बदकांच्या फोटोंवर बदाम यायला लागले. अरे तो लाल बदाम असतो ना, आवडलं की दाबतात तो. रोज! फोटो आला की थोड्या वेळानं त्यावर बदाम. मी दाबत नव्हतो, मला हात कुठायत? तिनंही नाही. एकदा बघितलं तिनं, तर म्हणाली, “माझंच बोट लागलं असेल.” पण मला रोज वाटायचं, या खात्यात अजून कुणीतरी आहे. कुणीतरी आपल्यासारखंच गप्प बसून बघतंय.

तर आज. आज ती बाहेर गेलीच नाही, सकाळपासून सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसलेली. नवा फोन स्पीकरवर, आणि त्यातनं उर्जा बोलत होती. उर्जा म्हणजे कॉलेजची मैत्रीण, म्युनिकला आयटीत आहे. अहिल्या जेवढी गप्प तेवढी ही बोलते. नोकरी गेल्याचं फक्त हिलाच माहीत. त्यात खात्यावर सूचना आली होती, जुनी उपकरणं तपासा म्हणून. झालं, उर्जाला कामच मिळालं.

“आल्झो, चल, उघड ते. आत्ता उघड. किती उपकरणं दाखवतंय?”

“हा लॅपटॉप, हा फोन... आखनच्या लायब्ररीतला कॉम्प्युटर पण आहे गं!”

“बाप रे! काढ तो. लोक तुझ्या नावानं थीसिस लिहीत बसले असतील. पुढे?”

“माझा जुना फोन. खिडकीतला.”

“तो म्हातारा अजून जिवंत आहे? काढ त्याला पण.”

ऐकलंस? म्हातारा! मी श्वास रोखून बसलो. पण अहिल्याचं लक्षच माझ्यावर नव्हतं. ती पडद्याकडे एकटक बघत होती.

“उर्जा, अजून एक आहे. कराड, भारत. आत्ता चालू दाखवतंय.”

“आत्ता? अहिल्या, हॅक झालंय तुझं खातं!”

“कराडातनं?”

“मग कराडात हॅकर नसतात का? पासवर्ड बदल, ते काढ, आधी काढ!”

अहिल्याचं बोट गेलं की बटणावर. आणि तिथंच थांबलं. खाली मॉडेलचं नाव लिहिलेलं होतं ना, ते वाचलं तिनं. ती हळूच म्हणाली, “हा बाबांचा फोन आहे.”

मग तिला आठवलं सगळं, आणि ती उर्जाला सांगायला लागली. दिवाळीला गेली होती तेव्हा बाबांना नवा फोन घेतला. निघायचा दिवस, बॅगा दारात, गाडीवाला हॉर्न मारतोय, आणि बाबांचं नवीन खातं काही केल्या उघडेना. कोड येईना. शेवटी कंटाळून हिनं स्वतःचंच खातं घातलं त्यात. ‘राहू दे, पुढच्या वेळी बघू.’ सगळीच मुलं करतात असं आईबापांच्या फोनवर. पुढची वेळ येतेय कुठं.

“म्हणजे तुझे फोटो...” उर्जा म्हणाली.

“सगळे दिसतात त्यांना.”

“सगळे म्हणजे? ते माझ्याकडच्या पार्टीतले पण?”

“तुझा ग्लास पण दिसतो त्यात.”

“अगं काढ ना मग! बाबा असले म्हणून काय झालं? तुझं आयुष्य आहे ते. आणि त्यांना तरी कुठं माहितीय आपण काय बघतोय ते. काढ, त्यांचं वेगळं खातं उघडून दे, विषय संपला. गेनाऊ? बरोबर ना?”

बरोबर बोलत होती रे ती. मला पण पटत होतं. पण अहिल्याचा चेहरा पांढरा पडला होता. कारण तिला आत्ता कळलं होतं, मला कळलं त्याच क्षणी. बदाम!

“ठेव. आधी त्यांना सांगते, फोन बंद पडल्यासारखा होईल म्हणून. नाहीतर घाबरतील.” तिनं उर्जाचा फोन ठेवला आणि कराडला लावला. स्पीकर तसाच चालू राहिला, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

“काय गं, आज रविवार नाही!” बाबांचा आवाज एकदम धावत आला. “बरी आहेस ना?”

“बरी आहे. का?”

“नाही, आज बदकं आली नाहीत. म्हटलं ताप-बीप आला का काय.”

तिनं लॅपटॉप बाजूला ठेवला.  

“बाबा, तुम्हाला... बदकं कशी दिसतात?”

“कशी म्हणजे? तू पाठवतेस, मी बघतो. फोन आणून दिलास ना, त्या दिवसापासनं रोज पाठवतेस की. मी चहा घेऊन ओट्यावर बसतो, चष्मा लावतो, आणि तुझा दिवस बघतो. सुधाताईंना पण दाखवतो शेजारच्या. त्या म्हणतात, नशीबवान आहात, आमचा मुलगा पुण्यात असून महिन्यातनं एक फोटो टाकत नाही.”

“आणि ते बदाम?”

“पोचलं म्हणून कळवायला नको? सुधाताईंनीच शिकवलं. म्हणाल्या, उत्तर लिहायला सुचत नसेल तर बदाम दाबा, तिकडं समजतं. तुला मिळतात ना?”

अहिल्यानं ओठ आवळले. “मिळतात,” म्हणाली.

  मला वाटलं आता ‘बरं, ठेवू मग’ येणार. पण बाबाच बोलले, जरा घसा खाकरून.

“अहिल्या, ते टेबल मोकळं केलंस त्या दिवशीच कळलं मला. ऑफिसच्या वेळेला कुणी बदकं बघत बसत नाही.”

“तुम्ही काही बोलला नाहीत.”

“तूही बोलली नाहीस. तू दाखवलंस. आपल्या दोघांना बोलता कुठं येतं? मला वाटलं, पोरीला तोंडानं सांगायला जमत नाही, म्हणून बिचारी रोज एक फोटो पाठवते. मी विचारलं असतं तर तू पाठवायचं बंद केलं असतंस. म्हणून बदाम देत राहिलो.” मग म्हणाले, “एक सांगू? तू एवढी कधीच बोलली नव्हतीस माझ्याशी.”

तिनं तोंडावर हात धरला. आवाज जाऊ नये म्हणून.

“नोकरी मिळेल तेव्हा मिळेल. नाहीतर घर आहेच इथं. तू फक्त पाठवत राहा. एक दिवस नाही आलं की ओट्यावर करमत नाही. आणि त्या उर्जाला सांग, ग्लास तिरका धरू नये, सांडेल.”

ती हसली. रडत हसली, कसलातरीच आवाज आला. “सांगते,” म्हणाली.

“तू कशाला केला होतास फोन?”

आता बघ हं. इथं मी अक्षरशः कान टवकारले. सांगेल का? बाबा, मी काही पाठवत नव्हते. घाईत झालेली चूक होती. तुम्ही सहा महिने दुसऱ्याच्या खिडकीतनं आत बघत होता, आणि मला पत्ता नव्हता. खरं तर हेच होतं ना?

“काही नाही,” अहिल्या म्हणाली. “सहज.”

“मग रोज सहज करत जा.”

फोन ठेवला. लगेच उर्जा परत.

“काढलंस?”

“म्हाताऱ्याला काढते.”

आणि काढलं. तेव्हाच तो पांढरा पडदा पडला माझ्यावर. बदकं गेली, केक गेला, एस-बान गेली, सगळं भुर्रकन. माझ्या स्वतःच्या पोटात आखनचे तेवढे राहिलेत, करपलेला कुकर वगैरे. तेही पुसेल आता.

“आणि कराड?” उर्जा विचारत होती.

“चहा उतू जातोय, नंतर बोलते.”

गॅसवर काही नव्हतं. मी इथनं बघतोय ना.

मग ती उठून खिडकीशी आली, माझ्याजवळ. मला वाटलं मला उचलतेय. नाही. तिनं नवा फोन हातभर लांब धरला, कॅमेरा स्वतःकडे वळवला, नाक पुसलं, केस कानामागे घेतले. लाल डोळे तसेच राहू दिले. आणि खट्‌. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, अरे, पहिल्यांदा तिनं स्वतःच्या चेहऱ्याचा फोटो काढला. आणि मला तो मिळाला नाही. आदल्याच मिनिटाला मी बाहेर पडलो होतो. शेजारी पडलोय, हातभर अंतरावर, आणि कराडला ओट्यावर बसलेल्या माणसाला तो दिसणार, मला नाही. असं कुणाच्या नशिबी येऊ नये रे.

उद्या ती मला सुपरमार्केटमधल्या त्या जुन्या उपकरणांच्या पेटीत टाकेल. इथं असते तशी, दाराशीच. त्याचं काही नाही. जुनं झाल्यावर जायचंच असतं. फक्त एक मागणं आहे, तुझ्या घरी पण माझ्यासारखा कुणी कोपऱ्यात चार्जरला लटकलेला असेल ना, त्याला काढशील तेव्हा एकदा उचलून हातात घे. आणि काढायच्या आधी बघ, त्याच यादीत दुसरं कोण बसलंय, आणि तुझे फोटो ते काय समजून बघतंय.

ती अजून खिडकीत उभी आहे. तिचा फोन हातात आहे, पडद्यावर तिचाच चेहरा, आणि ती वाट बघतेय त्यावर काहीतरी उमटायची. बाबांना खरं सांगितलं नाही तिनं. सांगायला हवं होतं का? मला कळत नाही, मी तर साधा फोन, तोही बिनसिमचा. तू सांग ना. तू तिच्या जागी असतास तर काय केलं असतंस?